चिपवरची हळद

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला दोनातला एक विषय निवडायचा होता, आणि मी माझा निवडला तो निव्वळ चिडून. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नाशिकचंच कॉलेज, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. एक विषय जुना, ज्याच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात बांधून तयार मिळायच्या. दुसरा त्याच वर्षी आलेला: प्रोग्रॅमेबल लॉजिक वापरून डिजिटल सर्किट कशी बनवायची. फॉर्म भरताना पुढच्या बाकावरचा एक शहाणा मागं वळून म्हणाला, "तू जुनाच घे, नवा तुला झेपायचा नाही." झालं. मी नव्यापुढं खूण केली आणि फॉर्म देऊन टाकला. आपण नक्की काय घेतलंय हा विचार मी घरी जाताना बसमध्ये केला.

घर म्हणजे शहराबाहेरचा मळा. वडील भाजीपाला करायचे आणि दसरा-दिवाळीच्या बेतानं झेंडू. घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळं मी काय शिकते हे कुणालाच कळायचं नाही आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान होता.

विषय शिकवणारे सर आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. उंच, बारीक, शर्टाच्या खिशात कायम पेन्सिल. पहिल्या दिवशी त्यांनी एक काळी चौकोनी चिप हातात धरून दाखवली. म्हणाले, "बाजारात मिळणारी साधी चिप कारखान्यातून तिचं काम ठरवूनच येते. बेरीज करणारी बेरीजच करणार. ही मात्र कोरी आहे. तुम्ही कॉम्प्युटरवर लिहायचं की मला अमुक सर्किट पाहिजे, आणि ही ते सर्किट बनणार. उद्या दुसरं लिहिलंत तर दुसरं बनणार." वीज गेली की ती सगळं विसरते, असंही त्यांनी सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मग ती आमच्यातलीच आहे. सर सगळ्यांत जास्त हसले.

ती चिप ज्या बोर्डावर बसवलेली होती त्याला आम्ही किट म्हणायचो. आठ बटणं, आठ लाल दिवे, आकडे दाखवणारी एक पट्टी, आणि मधोमध ती चिप. तिला चारी बाजूंनी केसासारख्या बारीक पिना, दोनशेच्या वर. अख्ख्या कॉलेजात असं किट एकच. ते आलं कसं, हे सरांनी आमच्यापासून लपवलं नाही. त्यांची स्वतःची नेमणूक एका वर्षाच्या ऑर्डरवर होती. प्राचार्यांच्या मागं लागून लागून त्यांनी किट मागवून घेतलं, तेव्हा प्राचार्यांनी एक अट घातली होती: वार्षिक नव्हे, याच सत्राच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतील तेव्हा त्यांच्यासमोर प्रत्येक मुलाचं सर्किट या किटवर चाललं पाहिजे. नाही चाललं तर पुढच्या वर्षी विषय बंद. आणि विषय बंद म्हणजे तो शिकवायला घेतलेले सरही बंद. हे सांगून ते म्हणाले, "म्हणून जरा जपून हाताळा." आम्ही चोवीस जण माना डोलावून बसलो होतो.

विषय पहिले पंधरा दिवस माझ्या डोक्यावरून गेला. आम्ही आधी सी भाषा शिकलेलो, त्यात वरची ओळ आधी चालते, खालची नंतर. इथं सर म्हणायचे, "हा प्रोग्रॅम नाही, हे सर्किट आहे. सगळ्या ओळी एकाच वेळी चालू असतात." एकाच वेळी कशा चालतील? मला रागच यायचा. मग एक दिवस घरी जेवायला बसले. वडील पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते, चुलते ट्रॅक्टरबद्दल, आई मावशीच्या लेकीबद्दल आणि काकू भाजीत मीठ कमी पडल्याबद्दल. चौघंही एकदम बोलत होते आणि चौघांनाही एकमेकांचं व्यवस्थित कळत होतं. ताटावर बसल्या बसल्या मला विषय समजला. दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं तर त्यांनी ते उदाहरण वर्गात वापरून टाकलं, तेही माझ्या घरचं आहे असं सांगून.

त्यानंतर मात्र मला त्या विषयाचं वेडच लागलं. मी आणि माझी मनमाडची मैत्रीण अशी आमची जोडी होती. तिचे वडील रेल्वेत, ती कॉलेजच्या होस्टेलवर राहायची, आणि माझ्या उलट ती बोलण्याआधी विचार करायची. आम्ही दोघींनी पहिल्यांदा चौकातला सिग्नल बनवला तेव्हा चारी बाजूंना एकदम हिरवा दिवा लागला. लॅबमधला एक जण म्हणाला, "बरोबर आहे की, आपला द्वारका चौक दिसतोय. तिथं तरी कोण थांबतं?" आम्ही ती चूक शोधायला दोन तास घेतले आणि सापडल्यावर दोघींनी कॅन्टीनमध्ये मिसळ खाल्ली. आपण लिहिलेलं खरोखरच्या दिव्यांमधून दिसतं, याचा आनंद मला आधी कुठल्याच विषयानं दिला नव्हता.

लॅब सांभाळायला मामा होते. वयानं वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून सगळ्यांचे मामा. आधी अंबडला एका कारखान्यात सोल्डरिंग करायचे, त्यामुळं सरांनाही एखादी तार जोडायची झाली तर ते मामांना विचारायचे. सरांनी एकदा शिकवलं होतं की अंगात साठलेली स्थिर वीज चिपला मारते, म्हणून हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला शिवायचं. तेव्हापासून मामा दारात उभे राहून प्रत्येकाला खिडकीच्या गजाला हात लावायला लावायचे. गजाला ऑइलपेंटचे चार थर होते. सरांनी समजावून पाहिलं की मामा, रंगामुळं त्याचा काही उपयोग नाही. मामा म्हणाले, "असू द्या सर, सवय लागते." तर आम्ही रोज देवळात घंटा वाजवावी तसे गजाला शिवून आत जायचो.

आणि आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशकात चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागतं. कारखान्यातल्या लेथला, एसटीला, रिक्षाला, आमच्या मळ्यातल्या फवारणीच्या पंपाला. कॉलेजच्या लॅबमध्येही पूजा व्हायची. झेंडू आमच्या घरचा, म्हणून मी पहाटे तोडलेल्या फुलांची एक पाटी घेऊन गेले होते. मामांनी यंत्रं ओळीनं मांडली, प्रत्येकाच्या वरच्या झाकणावर कोरड्या हळदकुंकवाची चिमूट टाकली आणि ते नारळ आणायला खाली गेले. सर दुसऱ्या लॅबमध्ये होते. किट त्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बंद होतं आणि डब्याच्या झाकणावर दोन ठिपके.

मला ते काही पटेना. आई पंपाची पूजा करते तेव्हा हळदकुंकू पाण्यात चांगलं कालवून घेते आणि थेट इंजिनावर बोटं ओढते. डब्याची कसली पूजा करायची? मी डबा उघडला, ताटलीत पाणी घातलं, हळदकुंकू कालवलं आणि चिपवर पाच बोटं ओढली. मैत्रीण शेजारीच होती. ती म्हणाली, "अगं, चिपवर?"

"मग कशावर? काम कोण करतं, डबा का चिप?"

मी वर एक टपोरा झेंडू ठेवला, नमस्कार केला, सरांचा विषय चालू दे असं मनात म्हटलं आणि झाकण लावलं. खरं सांगते, मी अगदी मनापासून केलं होतं ते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी पोचले. झेंडू सुकला होता, तो काढला. चिपवर हळदीचे पापुद्रे होते, ते ओढणीचं टोक थोडं ओलं करून पुसले. वरून चिप लख्ख काळी झाली. मग सर आले, त्यांनी किट जोडलं, चालू केलं, आणि कॉम्प्युटरनं सांगितलं की त्याला चिप सापडत नाही.

सरांनी केबल बदलली. दुसरा कॉम्प्युटर लावून पाहिला. किट बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. चिप सापडत नाही. मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं, मी दुसरीकडं पाहिलं. प्रॅक्टिकल सोमवारी होती.

शुक्रवारी सकाळी सर वर्गात आले ते पेन्सिलीशिवाय. म्हणाले, "सुट्टीच्या आधी किटचा अडॅप्टर दुसऱ्या लॅबनं नेला होता, म्हणून मी एक जुना अडॅप्टर लावला. तो जास्त व्होल्टचा असणार, मी नीट तपासलं नाही. चिप जळली आहे. चूक माझी आहे, तुमचं नुकसान होऊ नये म्हणून मी काय करता येईल ते बघतो." त्यांनी पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला होता. नवीन चिप यायला तीन आठवडे लागणार होते. शुक्रवारी दिवसभर ते तरीही अधूनमधून किट चालू करून बघत होते. काही लागतंय का म्हणून दिव्यांकडं बघत बसायचे आणि मग बंद करायचे.

मी त्यांच्यासमोरच्या टेबलावर बसून जर्नल पूर्ण करत होते. एरवी माझं तोंड मिटत नाही, आणि त्या दोन दिवसांत त्यांच्यासमोर मी एक शब्द बोलले नाही. मैत्रीण होस्टेलच्या जिन्यात मला म्हणाली, "सांगून टाक." मी तिच्यावरच खेकसले. अडॅप्टरनं जळली हे सर स्वतः सांगतायत ना, मग मी कशाला मध्ये पडू? आणि सांगून चिप परत येणार आहे का? असं सगळं तिला ऐकवलं. ती म्हणाली, "तू मला का सांगतेस?" आणि वर निघून गेली. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. अख्ख्या वर्गात चिपला हळद लावणारी मळ्यातली पोरगी म्हणून आपण कायमचे लक्षात राहणार, याची लाज.

त्या संध्याकाळी ताटावर मी भाकरी नुसती कुस्करत बसले. आईनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिनं चूल पुसता पुसता ऐकून घेतलं.

"हळदच लावली ना? इख तर नाय घातलं?"

"अगं, पण सरांना वाटतंय त्यांचीच चूक हाय."

"मंग तू लय शहाणी, ते तसंच वाटू देती व्हय? जाय सकाळी आन् सांग."

शनिवारी सकाळी मी लॅबमध्ये गेले तर सर एका कागदावर सही करत होते. मामा शेजारी उभे. तो कागद प्राचार्यांना द्यायचा होता. वरच्या दोन ओळी मला उलट्या वाचता आल्या: माझ्या निष्काळजीपणामुळे किट निकामी झाले असून, सोमवारची परीक्षा किटवर घेता येणार नाही. मी खिडकीच्या गजाला हात न लावताच आत शिरले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. पाणी, ताटली, पाच बोटं, झेंडू, ओढणी.

मला वाटलं होतं सर ओरडतील. ते खुर्चीतून उठले आणि डॉक्टरसारखे प्रश्न विचारायला लागले. हळद कोरडी की ओली? पाणी किती? पुसलं ते कोरड्या कापडानं की ओल्या? मग टेबलावरचं भिंग उचलून त्यांनी चिपच्या कडेला धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. पिनांच्या मधल्या फटींत, वरून दिसणार नाही अशी, पिवळी रेष होती.

"मामा, ही जळलेली नाही," सर म्हणाले. "पिना एकमेकींना चिकटल्यात. हळदीनं."

मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "मी तर झाकणावर लावलं होतं." त्यांचा चेहरा असा झाला होता की रडू येत असतानाही मला हसू फुटलं. सरांनी सही केलेला तो कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला यादी लिहायला घेतली: स्पिरिट, कापूस, मऊ टूथब्रश. कागद मामांच्या हातात दिला आणि मेडिकलच्या दुकानात पाठवलं.

सगळा शनिवार आम्ही चिप धुतली. मामा टूथब्रशानं एकेक बाजू घासत होते, मैत्रीण टेबललॅम्प धरून उभी, मी कापूस देत होते आणि सर भिंगातून बघत सांगत होते, अजून डावीकडं, अजून. प्रत्येक बोळ्यावर पिवळं निघत होतं. होस्टेलवरून कुणाचा तरी हेअर ड्रायर आणला, अर्धा तास वारा घातला. मग मामांनी आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवून गजाला हात लावून यायला सांगितलं. सरही गेले. खऱ्या अडॅप्टरवर किट चालू केलं, आणि कॉम्प्युटरला चिप सापडली. माझा जीव भांड्यात पडला. सरांनी एका मिनिटात सगळे दिवे लावायचं सर्किट चढवलं. आठातले सात लागले.

आठव्या दिव्याकडं जाणारी पिन गेली होती. कितीही धुतली तरी ती उठली नाही. मी पुन्हा रडवेली झाले. पण सर आता भलतेच खुशीत होते. म्हणाले, "साधी चिप असती तर एक पिन गेली म्हणजे चिप कचऱ्यात. इथं कुठल्या पिनेनं काय करायचं ते कोण ठरवतं?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "आपण ठरवतो. हाच तर विषय आहे." त्यांनी एक रिकामी पिन शोधली, मामांनी तिच्यापासून आठव्या दिव्यापर्यंत निळी तार जोडली, आणि वर्गातल्या सगळ्यांना निरोप गेला की आपापल्या सर्किटमध्ये त्या एका पिनेचा नंबर बदला. रविवारी वर्गातले बाकीचे सगळे तो नंबर बदलायला लॅबमध्ये आले. का बदलायचा, हे मीच प्रत्येकाला सांगितलं. पुढच्या बाकावरचा शहाणा इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू दिलं.

सोमवारी बाहेरचे परीक्षक आले. वयस्कर, पांढरा सफारी, फार कमी बोलणारे. माझी चिठ्ठी उलट्या मोजणीची निघाली, नऊपासून शून्यापर्यंत. एका दमात चाललं. ते किटवर वाकले आणि त्यांनी निळ्या तारेला बोट लावलं.

"ही काय?"

"सर, मूळची पिन गेली आहे. मी खंडेनवमीला चिपवर ओलं हळदकुंकू लावलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. आमच्या सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आमच्या कॉलेजात गेल्या वर्षी यूपीएसवर नारळ फोडला," ते म्हणाले. "तुमचं बरंच बरं आहे." आणि त्यांनी मला पिन कशी बदलली ते सगळं फळ्यावर समजावून सांगायला लावलं. चोवीसच्या चोवीस सर्किट चालली. जाताना ते प्राचार्यांच्या खोलीत अर्धा तास बसून गेले. त्याच आठवड्यात सरांना कळलं की विषय पुढच्या वर्षी चालू राहणार आणि त्यांची ऑर्डरही वाढणार. मामांनी लॅबमध्ये पेढे वाटले, किटपासून चार हात लांब.

जर्नलवर सही घ्यायला मी शेवटची गेले. सरांनी सही केली आणि ड्रॉवरमधून एक कोरी वही काढली. म्हणाले, "ही किटची वही. पुढच्या वर्षीच्या मुलांना कळायला हवं की ती पिन का वापरायची नाही. तू लिही."

मी खुशीत लिहिलं: खंडेनवमीला मी चिपवर ओले हळदकुंकू लावले. नंतर ओल्या ओढणीने पुसले, त्यामुळे ते पिनांमध्ये गेले. वही त्यांच्यापुढं केली. त्यांनी वाचली आणि माझ्याकडं परत सरकवली.

"हळदीनं पिन जळत नाही," ते म्हणाले. "ओल्या हळदीत वीज सोडली की जळते. कुणी सोडली?"

"तुम्ही, सर."

"किती वेळा?"

"दोन दिवस. सारखी."

"का?"

ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं, मीही काहीतरी बोलले असते. मी पेन पुन्हा उघडलं आणि खाली लिहिलं: मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी दोन दिवस सांगितले नाही, आणि सर किट चालू करून बघत राहिले. तेवढं लिहायला मला मघाच्या दोन ओळींपेक्षा जास्त वेळ लागला, आणि डोळ्यांतलं पाणी वहीवर पडू नये म्हणून मी वही लांब धरली होती.

सरांनी ते वाचलं, खाली माझी सही घेतली आणि शेजारी स्वतःची केली. "आता पूर्ण झालं," म्हणाले, आणि वही किटच्या डब्यात ठेवली.